शहराची बैठक आणि दाराबाहेरचा माणूस



मक्का शहरात काबागृहाच्या शेजारी एक घर होते. कुरैशांचा पूर्वज कुसई बिन किलाब याने ते बांधले होते आणि त्याला दारुन्नदवा, म्हणजे सल्लामसलतीचे घर, असे म्हणत. युद्ध आणि तह, व्यापारी काफिले, विवाहसंबंध, साऱ्या महत्त्वाच्या बाबी तेथे ठरत. सामान्यतः चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनाच त्यात बसण्याचा मान असे. आजच्या भाषेत ते मक्केचे नगरभवन होते. एके दिवशी या घरात शहरातील घराण्यांचे प्रमुख जमले. विषय एकच होता : मुहम्मद (स.) यांचे काय करावे? कैदेत टाकावे, असे एकाने सुचवले. हद्दपार करावे, असे दुसऱ्याने. शेवटी असे ठरले की, प्रत्येक घराण्यातून एकेक तरुण घ्यावा आणि सर्वांनी एकाच वेळी वार करावा, म्हणजे खुनाचा दोष कोणा एका घराण्यावर येणार नाही. सूरह अनफालच्या ३०व्या आयतीत या कटाचा उल्लेख आहे.

त्याच शहरात, या घटनेच्या सुमारे तीन दशके आधी, आणखी एक बैठक झाली होती. ती अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी भरली. निमित्त अगदी क्षुल्लक म्हणता येईल असे होते. यमनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल आस बिन वाईल या बड्या सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाला शहरात कोणाचा आधार? तो अबू कुबैस टेकडीवर चढला आणि तेथून त्याने मक्कावासीयांना हाक दिली. ती हाक ऐकून काही घराण्यांचे लोक एकत्र आले आणि त्यांनी शपथ घेतली की, या शहरात ज्याच्यावर अन्याय होईल, तो आपला असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहू. मग ते आसकडे गेले आणि त्या व्यापाऱ्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. हाच हिल्फुल फुजूल नावाने प्रसिद्ध असलेला करार. ऐन विशीतले मुहम्मद (स.) त्या बैठकीत उपस्थित होते. प्रेषितत्व मिळाल्यानंतरही ते या कराराचा अभिमानाने उल्लेख करीत आणि आजही मला अशा करारासाठी बोलावले तर मी येईन, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

शहर एकच. घराणीही बहुतेक तीच. दोन्हीकडे प्रतिष्ठित माणसे बसली, दोन्हीकडे विचारविनिमय झाला आणि दोन्हीकडे ठराव झाला. किंबहुना कार्यपद्धतीचा निकष लावला तर दारुन्नदवामधील चर्चा अधिक काटेकोर होती. तेथे पर्याय मांडले गेले आणि ते खोडून काढले गेले. मग या दोन बैठकींत फरक कशाने पडला?

हा प्रश्न इतिहासाचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही. कित्येक वर्षे लांबलेल्या नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी या आपल्या जिल्ह्यातील शहरांना प्रशासकांच्या कारभारानंतर पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक लाभले. आता शहरांच्या विकासाच्या, बाजारपेठांच्या नूतनीकरणाच्या, सौंदर्यीकरणाच्या बैठकी होत राहतील. मोठ्या पातळीवरही अशा परिषदा होतच असतात. डिसेंबर २०२१ मध्ये देशभरातील महापौर वाराणसीत जमले होते. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तर जवळपास शंभर वर्षे नगरकारभाराचे प्रशिक्षण देत आली आहे. एका शहराने दुसऱ्या शहराकडून शिकावे, यात वावगे काहीच नाही. परंतु मुस्लिम कुटुंबांनी या साऱ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे बहुधा कोणी विचारत नाही. निवडणुकीत आपली मते मोजली जातात आणि आपणही तेवढ्यावर समाधान मानतो.

दिव्य कुरआनात नगरप्रमुखांच्या एका टोळीचा उल्लेख आहे. सूरह नम्लच्या ४८व्या आणि ४९व्या आयतींत समूद लोकांच्या शहरातील नऊ माणसांविषयी सांगितले आहे. ते बिघाड माजवीत आणि सुधारणा मात्र काही करीत नसत. हजरत सालेह (अ.) यांच्यावर रात्री हल्ला करण्याची आणि नंतर आम्ही तेथे नव्हतोच, असे सांगण्याची शपथ त्यांनी एकमेकांना घालून घेतली. हे समूद कोण होते? मैदानात महाल उभारणारे आणि डोंगर कोरून घरे करणारे हे लोक होते, असे सूरह आराफच्या ७४व्या आयतीवरून कळते. नगररचनेत ते मागासलेले नव्हते. उलट, अल्लाहने तुम्हाला या जमिनीतून निर्माण केले आणि ती आबाद करण्याचे काम तुमच्यावर सोपवले, ही आठवण सूरह हूदच्या ६१व्या आयतीत ज्यांना करून दिली आहे, ते हेच लोक. म्हणजे बांधणे, वसवणे, शहराला नवे रूप देणे, हे काम मुळात अल्लाहनेच सोपवलेले आहे. त्याची निंदा इस्लाममध्ये नाही.

त्यांची परीक्षा झाली ती पाण्यावर. अल्लाहची निशाणी म्हणून आलेल्या सांडणीसाठी पाण्याचा एक दिवस आणि लोकांसाठी एक दिवस, अशी पाळी ठरवून देण्यात आली होती. सूरह शुअराच्या १५५व्या आणि सूरह कमरच्या २८व्या आयतीत ही वाटणी सांगितली आहे. त्या शहराला पाळी सोसवली नाही. ज्या जिवाला त्यांच्या सभेत बोलता येत नव्हते, त्याचा वाटा त्यांना जड झाला आणि त्यांनी त्या सांडणीलाच मारून टाकले. महाल उभे राहिले होते ते उभेच राहिले. आत राहणारे कोणी उरले नाही. धाम नदीच्या पाण्यावर तहान भागवणाऱ्या वर्धेकरांना उन्हाळ्यातील पाण्याची पाळी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नळाला दाब कोणत्या भागात असतो आणि टँकरची वाट कोणत्या भागात पाहिली जाते, यावरून शहराच्या बैठकीत कोण बसतो याचा अंदाज करता येतो.

येथे कोणी म्हणेल, हे तर कट करणाऱ्या दुष्टांचे दाखले झाले. सद्हेतूने जमलेल्या सज्जनांचे काय? वाचकहो, खरा कठीण प्रश्न हाच आहे आणि कुरआनने त्याचे उत्तर द्यायला सज्जनांतील सर्वश्रेष्ठ व्यक्तीचाच प्रसंग निवडला आहे. मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशांच्या काही प्रमुखांशी बोलत होते. हेतू शुद्ध होता. हे सरदार सत्याकडे वळले तर सारे शहर वळेल, ही तळमळ त्यामागे होती. इतक्यात हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) तेथे आले. ते दृष्टिहीन होते. समोर कोण बसले आहे हे त्यांना दिसत नव्हते. त्यांनी काही शिकवावे म्हणून विनंती केली. बोलण्यात खंड पडला, प्रेषितांच्या कपाळावर किंचित आठी आली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्या दृष्टिहीन माणसाला ती आठी दिसलीही नसेल. पण सूरह अबस अवतरली. जो स्वतःला निरपेक्ष समजतो त्याच्याकडे लक्ष आणि जो धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष, यावर अल्लाहने आपल्या प्रिय प्रेषितांना समज दिली आणि ती समज कयामतपर्यंत पठण होत राहील, अशी ग्रंथात नोंदवून ठेवली.

या प्रसंगाचा सामान्यतः वैयक्तिक शिष्टाचार म्हणून बोध घेतला जातो : अपंगांशी नम्रतेने वागा. तो बोध खराच आहे. परंतु माझ्या मते त्यात सार्वजनिक जीवनाचाही एक नियम आहे. शहरातील बड्या माणसांना पटवले की शहराचे भले आपोआप होईल, ही समजूत सद्हेतूतूनही निर्माण होऊ शकते आणि तरीही ती चुकीची असू शकते. पुढे काय झाले तेही पाहा. मदीनेबाहेर मोहिमेवर जाताना प्रेषितांनी (स.) याच इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांना अनेकदा मागे आपले प्रतिनिधी नेमले, ते लोकांची नमाज पढवीत. बैठकीच्या दारात ज्याच्यामुळे बोलणे खुंटले होते, तोच माणूस प्रेषितांच्या गैरहजेरीत शहराचा प्रमुख झाला.

आता आपल्या शहरांच्या दारापाशी येऊ. खेड्यात ग्रामसभा असते. तेथे प्रत्येक मतदाराला बसण्याचा, बोलण्याचा हक्क आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांना लोकनियुक्त पालिकांची हमी दिली, मात्र प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १ लाख ६ हजारांच्या घरात होती आणि हिंगणघाटची १ लाखाच्या थोडी वर. म्हणजे सेलूजवळच्या एखाद्या लहानशा खेड्यातील शेतमजूर ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. तोच मजूर कामासाठी शहरात राहायला आला की त्या हक्काच्या खुर्चीतून उठतो. जिल्हा नियोजन समितीत, घटनेप्रमाणे, किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावे लागतात. ज्या काळात या संस्थाच प्रशासकांच्या हाती होत्या, त्या काळात तेथे शहरांच्या वतीने कोण बोलत होते, हे वाचकांनीच ठरवावे.

एका कायद्याचा मात्र मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो, कारण तो आपल्यापैकी अनेकांच्या चुलीशी जोडलेला आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य हे विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत, त्यांतील एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे त्यात म्हटले आहे. फळांच्या हातगाड्या, बांगड्या, जुने कपडे, पंक्चरची दुकाने, चहाच्या टपऱ्या, यांवर किती मुस्लिम कुटुंबे जगतात, हे आपण जाणतो. बाजारपेठेचे नूतनीकरण ठरते तेव्हा पहिली नोटीस यांनाच मिळते. मदीनेत प्रेषितांनी (स.) बाजारासाठी स्वतंत्र जागा राखली आणि तेथे विक्रेत्यांवर कर बसवू नये, असे सांगितले, अशी रिवायत आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात बाजारातील जागेचा नियम मशिदीतील जागेसारखा होता : जो आधी येईल, तो उठेपर्यंत ती जागा त्याची. मोकळी जागा हे गरीब विक्रेत्याचे भांडवल असते, ही समज त्या व्यवस्थेत होती. रस्ता अडवू नये हेही त्याच शिकवणीत आहे, आणि हे आपल्या टपरीवाल्या बांधवांनाही ऐकवलेच पाहिजे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही श्रद्धेची एक शाखा मानणाऱ्या उम्मतने आपल्याच दुकानाच्या पायऱ्या रस्त्यावर आणाव्यात, यासारखी विसंगती नाही.

स्त्रियांविषयीही थोडे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या समाजातूनही भगिनी निवडून येतात. पण सभेत, फोनवर, कंत्राटदारासमोर बोलतो कोण? पुष्कळ ठिकाणी नगरसेविकेचे पतीच. याला धर्माचा आधार देणाऱ्यांनी हुदैबियाचा प्रसंग आठवावा. तहाच्या अटींनी दुखावलेले सहाबा कुर्बानी करून परतण्याची आज्ञा होऊनही जागचे हलेनात. तेव्हा प्रेषित (स.) तंबूत गेले आणि त्यांनी ही व्यथा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना सांगितली. त्यांनी सुचवले की, कोणाशी न बोलता आपण स्वतः बाहेर जाऊन कुर्बानी करावी. प्रेषितांनी तसेच केले आणि सारा समुदाय उठला. एका संपूर्ण समूहाचा पेच एका स्त्रीच्या सल्ल्याने सुटला, आणि तो सल्ला घेताना प्रेषितांना कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या शहरांच्या कल्पनांबाबत खंदकाच्या लढाईचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. हिजरी ५ मध्ये मदीनेवर मोठे सैन्य चालून आले. शहराभोवती खंदक खणण्याची युक्ती अरबांना माहीत नव्हती, ती हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी आपल्या देशातील अनुभवावरून सुचवली. एक परदेशी, पूर्वी गुलामगिरीत राहिलेला माणूस, आणि त्याचे मत शहराच्या संरक्षणाचे धोरण बनले. या प्रसंगातील एका तपशिलाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मदीनेच्या इतर बाजूंना खजुरीच्या दाट बागा आणि लाव्हाचा खडकाळ प्रदेश होता. म्हणून खंदक उत्तरेकडच्या उघड्या बाजूलाच खणला गेला. कल्पना इराणी होती, खंदक मदीनेचा होता. आपल्या विदर्भातील काळ्या जमिनीचे उदाहरण घ्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दुसऱ्या प्रदेशातील रस्त्याचा नमुना जसाच्या तसा उचलला की दोन पावसाळ्यांत तो तडकतो. सिमेंटचा रस्ता घरांच्या उंबरठ्यापेक्षा उंच झाला की पाणी गरिबाच्या घरात शिरते. परिषदेतील छायाचित्रात हा उंबरठा कधी दिसत नाही. तेथे राहणारीलाच तो माहीत असतो.

वर्ध्याला स्वतःच्या इतिहासात सल्लामसलतीचा एक उत्तम नमुना लाभला आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मुस्लिम विद्वान आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी स्वतः महात्मा गांधी होते आणि शिक्षण उद्योगातून द्यावे, ते स्वावलंबी असावे, ही त्यांचीच योजना चर्चेला होती. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन उठले आणि त्यांनी गांधीजींच्या समोरच सांगितले की, ही कल्पना अगदी नवी नाही आणि स्वावलंबनावर अतिरिक्त भर दिला तर शिक्षकच गरीब मुलांच्या श्रमांचे शोषण करू लागतील, असा धोका आहे. यजमानांच्या गावात, अध्यक्षांच्या लाडक्या योजनेवर, एवढे स्पष्ट बोलणे सोपे नव्हते. त्याहून लक्षणीय गोष्ट पुढे घडली. योजनेचा तपशीलवार आराखडा तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद याच शंका घेणाऱ्या माणसाकडे देण्यात आले. पुढे १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले, हे सर्वजण सांगतात. वर्ध्यात त्यांनी काय केले, हे आपल्या मुलांना सांगणारी घरे मात्र थोडी.

सल्ला ज्याच्याकडे मागितला जातो तो अमानतदार असतो, ही प्रेषितांची शिकवण. अमानत म्हणजे मागणाऱ्याला गोड वाटेल ते सांगणे नव्हे. आणि अमानतीची दुसरी बाजू मागणाऱ्याकडे असते. हिजरी १८च्या सुमारास हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना प्लेगची वार्ता मिळाली. पुढे जावे की परतावे? त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना, त्यांच्यातही झाले. मग कुरैशांच्या वयोवृद्धांना. ते एकमताने परत फिरा म्हणाले. उमर (रजि.) यांनी परतण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी सर्वांसमक्ष आक्षेप घेतला : हे अल्लाहच्या नियतीपासून पळणे नव्हे काय? खलीफांनी तो आक्षेप दडपला नाही. त्याचे उत्तर दिले. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची हदीस सांगितली आणि निर्णयाला पुष्टी मिळाली. आपल्याकडील बैठकींत निर्णय आधी होतो आणि सूचना नंतर मागवल्या जातात. हा क्रम उलटा आहे, एवढे तरी लहान मुलालाही कळेल.

सल्लामसलत केल्याने निकाल नेहमी चांगलाच लागतो, असेही इस्लाम सांगत नाही. उहुदच्या वेळी प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल मदीनेत राहून लढण्याकडे होता, उत्साही तरुणांच्या बहुमताचा मान राखून ते बाहेर पडले. त्या दिवशी सत्तर सहाबा शहीद झाले. यानंतर जर सल्ला घेणे थांबवा, असा आदेश आला असता तर माणसाच्या बुद्धीला ते स्वाभाविक वाटले असते. पण सूरह आलि इमरानची १५९वी आयत याच पार्श्वभूमीवर उतरली आणि तिच्यात लोकांना क्षमा करावी व कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहावे, असा हुकूम आला. लोकशाही कारभार संथ आहे, प्रशासक असताना कामे झटपट होत होती, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी या आयतीची वेळ पाहावी.

काही बांधवांची शंका अशी असते की, शूराची ही शिकवण मुस्लिम समाजाच्या अंतर्गत व्यवहारासाठी आहे. मिश्र वस्तीच्या पालिकेशी तिचा काय संबंध? त्यांना हिल्फुल फुजूलचेच उत्तर आहे. तो करार प्रेषितत्वापूर्वीचा आहे. त्यात सहभागी झालेले लोक मुस्लिम नव्हते, फसवला गेलेला व्यापारी मुस्लिम नव्हता. तरीही प्रेषितांनी त्याला आयुष्यभर मान दिला. मदीनेत आल्यावर त्यांनी जो करार केला, त्यात यहुदी कबिल्यांसह सर्वांची शहराच्या संरक्षणाची जबाबदारी सामाईक ठरली. न्याय्य कामाला धर्माचा दाखला लागत नाही.

आणि येथे आपल्याकडेही वळून पाहिले पाहिजे. आपण पालिकेत केव्हा जातो? कब्रस्तानच्या भिंतीसाठी, ईदगाहच्या मैदानासाठी, शादीखान्याच्या निधीसाठी. या मागण्या रास्त आहेत. पण शेजारच्या दलित वस्तीतील नाली तुंबली, म्हणून आपला एखादा अर्ज पालिकेत दाखल झाल्याचे किती जणांनी पाहिले आहे? वर्धा शहराचेच पाहा. २००१ मध्ये पालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती. दहा वर्षांनी ती घटली. शहर काही आटले नाही. ते पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी या मेघे नावाच्या गावांत आणि नालवडीत पसरले. तेथील कारभार ग्रामपंचायतींकडे. रस्त्याची एक बाजू शहर, दुसरी बाजू खेडे. कचरा कोणी उचलावा, सांडपाणी कोणी वाहून न्यावे, यावर दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. नालीतील पाण्याला हद्द कळत नाही. इस्लाममध्ये शेजाऱ्याचा हक्क मोजताना विद्वानांनी चारी दिशांच्या चाळीस घरांपर्यंतचा विचार केला आहे. त्या मोजणीत हद्दीचा दगड कोठे आडवा आलेला नाही. एका परिसरातील मशिदीचे जबाबदार लोक जर पालिकेत आणि ग्रामपंचायतीत एकाच दिवशी, एकाच अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले, आणि त्या अर्जावर शेजारच्या मंदिराच्या व बुद्धविहाराच्या मंडळींच्याही सह्या असल्या, तर तो कागद फिरवणे दोन्ही कार्यालयांना अवघड जाईल.

प्रेषितांच्या मशिदीत झाडलोट करणारी एक काळ्या वर्णाची स्त्री होती. ती दिसेनाशी झाली तेव्हा प्रेषितांनी (स.) तिची चौकशी केली. ती वारल्याचे सांगण्यात आले. मला का कळवले नाही, असे त्यांनी विचारले. लोकांनी ती बाब किरकोळ समजली होती. रात्रीच तिचे दफन झाले होते. प्रेषित तिच्या कबरीपाशी गेले आणि तेथे त्यांनी तिच्यासाठी नमाज अदा केली. आपल्या शहरांतील स्वच्छतेच्या बैठकीला आरोग्य निरीक्षक असतो, कंत्राटदार असतो, कधी जाहिरात करणाराही असतो. पहाटे रस्ता झाडणारी बाई नसते. तिला विचारले तर घंटागाडी कोणत्या गल्लीत वळू शकत नाही, कोणत्या कोपऱ्यावर काचा टाकल्या जातात, हे ती दोन मिनिटांत सांगेल. तेच कळण्यासाठी पालिकेला एरवी सल्लागार नेमावा लागतो.

नव्या सभागृहांच्या कामाला सुरुवात झाली आहे. आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण, हे घरातील मोठ्यांना माहीत असेलच. या महिन्यात आणखी एक गोष्ट विचारून पाहा. भाजी घेताना, बांगड्या भरताना, त्या विक्रेत्या बाईला विचारा की, पथविक्रेता समितीवर तुमच्या वतीने कोण बसते? तिने नाव सांगितले तर त्या माणसाला भेटा आणि बाजाराच्या नूतनीकरणाबद्दल समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, ते विचारा. तिला नाव सांगता आले नाही, तर समितीच्या सदस्यांची यादी माहितीच्या अधिकारात मागण्याचा अर्ज लिहावा लागेल. तो कसा लिहायचा, हे घरातील शिकलेल्या मुला-मुलींना येते. खाली सही त्या बाईची घ्यावी, आणि अर्ज देताना तिला सोबत घेऊन जावे.